सरफोजी राजांचे केसपेपर

शहाजी राजांच्या वंशाच्या तीन गाद्या झाल्या. सातारा आणि कोल्हापूर या दोन आपल्याला ठाऊक असतात. तिसरी, तंजावरची, बहुधा शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीत संपते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात कावेरीच्या खोऱ्यात ही गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. याच गादीवर १७९८ ते १८३२ या काळात बसलेले दुसरे सरफोजी राजे त्यांच्या ग्रंथालयासाठी आणि कलांच्या आश्रयासाठी प्रसिद्ध आहेत. आम्हा डॉक्टर मंडळींना मात्र त्यांची ओळख आणखी एका कारणाने असायला हवी. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या दवाखान्यात डोळ्यांच्या रुग्णांचे केसपेपर लिहिले जात होते आणि ते आजही शिल्लक आहेत.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस नव्हता. १७८७ मध्ये मृत्यूच्या थोडे आधी त्यांनी भोसले कुळातल्या या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. मुलाची काळजी त्यांनी श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकावर सोपवली. तुळजाजी गेल्यावर त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी गादी ताब्यात घेतली. दत्तक मुलगा म्हणजे त्यांच्या वाटेतला काटा. त्याला जवळजवळ कोंडून ठेवण्यात आले आणि शिक्षणही बंद पडले. शेवटी श्वार्ट्झ यांनी खटपट करून १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवले.

मद्रासची ती काही वर्षे सरफोजींच्या आयुष्यात निर्णायक ठरली. गेरिके या दुसऱ्या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू, उर्दू या भाषांच्या जोडीला इंग्रजी आली, इतर युरोपीय भाषांशीही परिचय झाला. गणित, भूगोल, रसायन, प्राणी आणि वनस्पती यांची पुस्तके हाती पडली. गादी मिळेल की नाही याची खात्री नसलेला हा तरुण युरोपात त्या काळी नव्याने उभे राहत असलेले विज्ञान वाचत होता. दत्तकविधान ग्राह्य धरून कंपनी सरकारने १७९८ मध्ये त्यांना गादीवर बसवले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत, राज्यारोहणाच्या काही महिने आधी वारले होते. सरफोजींनी त्यांच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या नामवंत इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही पाहायला मिळते.

पण गादी मिळाली ती फार मोठी किंमत देऊन. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावर राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा मुलूख, वर्षाला एक लाख स्टार पगोडा हे चलनी नाणे आणि राज्याच्या वसुलाचा पाचवा हिस्सा. फौज नाही, लढाया नाहीत, महसुलाचा अधिकार नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी नावापुरता राजा झालेल्या माणसाने पुढची तेहतीस वर्षे करायचे काय? अशा परिस्थितीत अनेक संस्थानिकांनी शिकार, नाचगाणी आणि कर्ज यांत आयुष्य घालवले. सरफोजींनी उरलेला पैसा आणि सगळा रिकामा वेळ विद्येत घातला.

पुस्तके, छापखाना, शाळा

राजवाड्यातले सरस्वती महाल ग्रंथालय त्यांच्या आधीपासून होते. सरफोजींनी त्याचे रूप पालटले. युरोपातून हजारो पुस्तके मागवली आणि त्यांतल्या अनेकांवर स्वतःची सही केली. १८२० च्या सुमारास ते मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले. परत आले ते हस्तलिखितांचा मोठा साठा घेऊन. त्या ग्रंथालयात वैद्यकाचे संस्कृत आणि तमिळ ग्रंथ आहेत, तशीच शरीररचनेची आणि शस्त्रक्रियेची युरोपीय पुस्तकेही आहेत.

राजवाड्यात त्यांनी देवनागरी छापखाना सुरू केला. १८०६ मध्ये तिथे इसापच्या गोष्टींचे मराठी रूप, ‘बालबोध मुक्तावलि’, छापले गेले. मुंबई-पुण्याकडे मराठी छपाईने अजून मूळ धरलेले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. ‘नवविद्या कलानिधी’ नावाच्या शाळा त्यांनी काढल्या. त्यांनी स्वतः ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक लिहिले. कुरवंजी हा तमिळ मुलुखातला लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी भटकी बाई येते. सरफोजींच्या नाटकात ही बाई चक्क जगाचा भूगोल सांगते. लोकांना आवडणाऱ्या साच्यातून नवे ज्ञान पोचवायचे ही त्यांची पद्धत होती. आरोग्यशिक्षण करणाऱ्या कुणालाही ती आजही उपयोगी पडेल.

१८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. लाव्हाझिए, लिनियस आणि ब्युफाँ यांच्याविषयी सहज बोलणारा हा राजा पाहून ते चकित झाले आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले.

धन्वंतरी महाल

आता दवाखान्याकडे येऊ. दानधर्म म्हणून औषध देण्याची रीत तंजावरात जुनी होती. रामेश्वराच्या वाटेवर राजघराण्याने बांधलेली छत्रे, म्हणजे आपल्याकडच्या धर्मशाळा, होती. तिथे यात्रेकरूंना जेवण मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे, गरोदर बायांच्या बाळंतपणाची सोय होई. कंपनीने राज्य घेतले तेव्हा ही छत्रे आपल्याच देखरेखीखाली राहावीत म्हणून सरफोजींनी रेसिडेंटाकडे आग्रह धरला होता. सत्ता जाताना त्यांनी काय मागून घेतले हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच्या पुढचे पाऊल म्हणजे धन्वंतरी महाल. इथे आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी वैद्य होते आणि युरोपीय पद्धतीने उपचार करणारे डॉक्टरही होते. माणसांसाठी औषधे तयार होत, तशी जनावरांसाठीही. औषधी वनस्पतींची हुबेहूब रंगीत चित्रे काढून ठेवली जात. वेगवेगळ्या पद्धतींचे वैद्य एकाच छताखाली बसवणे हा नुसता राजाचा षोक नव्हता. कोणत्या औषधाने कोणता आजार हटतो हे पडताळून पाहून उपयोगी ठरलेली औषधे लिहून ठेवावीत, असा त्यामागचा विचार होता. त्यातून ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ ही तमिळ पद्यातली ग्रंथमाला तयार झाली. सरभेंद्र हे सरफोजींचेच नाव, आणि मुरैगळ म्हणजे पद्धती. तिचा एक भाग पूर्णपणे नेत्ररोगांवर आहे.

या सगळ्यात आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहेत ते डोळ्यांच्या रुग्णांचे कागद. सुमारे पन्नास रुग्णांच्या या नोंदी आहेत. रुग्णाची तक्रार, तपासताना दिसलेली डोळ्याची स्थिती, केलेली शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची प्रकृती असे त्यांचे स्वरूप आहे. बऱ्याच नोंदी मोतीबिंदूच्या आहेत. मजकूर इंग्रजीत आहे आणि सोबत डोळ्यांची हाताने काढलेली चित्रे आहेत. सरफोजी स्वतः शस्त्रक्रिया करत आणि कुठेही गेले तरी शस्त्रांची पेटी बरोबर नेत, असे त्यांच्या घराण्यात सांगितले जाते. चाकू राजाच्या हाती होता की पदरच्या डॉक्टरच्या, यापेक्षा मला त्या कागदाचे महत्त्व अधिक वाटते. कारण शस्त्रक्रिया करणारे हात त्या काळी इतरत्रही होते. केलेले काम तारीखवार लिहून ठेवणारे फार थोडे होते.

तेव्हाचा मोतीबिंदू

त्या नोंदींची किंमत कळायला तेव्हाचे उपचार समजून घ्यावे लागतील. बुबुळाच्या मागे डोळ्याचे नैसर्गिक भिंग असते. वयोमानाने ते गढूळ होते, यालाच मोतीबिंदू म्हणतात. हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण डोळ्यात वरून काहीतरी पाणी उतरते आणि त्याचा पडदा तयार होतो, अशी समजूत शतकानुशतके होती. आपण आजही मोतीबिंदू ‘उतरला’ म्हणतो, तो त्या समजुतीचाच अवशेष असावा. गढूळ होते ते भिंगच, हे युरोपात १७०५ मध्ये ब्रिसो या फ्रेंच डॉक्टरने दाखवले.

सुश्रुतसंहितेत वर्णन केलेली आणि पुढे जगभर पसरलेली जुनी रीत अशी. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून टोकदार शलाका आत घालायची आणि गढूळ भिंग बाजूला किंवा खाली ढकलून द्यायचे. वाटेतला अडसर सरकला की रुग्णाला लगेच उजेड दिसे, माणसे दिसत, आणि उपचार करणाऱ्याचा जयजयकार होई. पण ढकललेले भिंग डोळ्याच्या आतच राही. पुढच्या दिवसांत किंवा महिन्यांत डोळा सुजे, आतला दाब वाढे, जंतुसंसर्ग होई आणि अनेकांची दृष्टी कायमची जाई. तोवर फिरता वैदू पुढच्या गावाला गेलेला असे. आपल्या हातून बरे किती झाले आणि आंधळे किती झाले, हे त्याला कधी कळतच नसे.

१७४७ मध्ये दाव्हिएल या फ्रेंच सर्जनने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला छेद देऊन गढूळ भिंग बाहेर काढले. सरफोजींच्या काळापर्यंत ही पद्धत युरोपात बरीच रुळली होती. पण भूल नव्हती. ईथरची भूल १८४६ मध्ये आली आणि डोळा बधिर करणारे कोकेनचे थेंब १८८४ मध्ये. जंतूंची कल्पना नव्हती, त्यामुळे हत्यारे निर्जंतुक करण्याचा प्रश्नच नव्हता. डोळ्याचा मागचा पडदा पाहण्याचे साधन नव्हते. हेल्महोल्ट्झ यांचे ते छोटे उपकरण १८५१ मध्ये आले. म्हणजे तंजावरचा रुग्ण पूर्ण शुद्धीवर असताना, लख्ख दिवसाच्या उजेडात, डोळ्याला चाकू लागत असताना निश्चल बसत होता. आणि शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी मागचा पडदाच खराब असेल तर नजर येणार नाही, हे आधी सांगण्याचा काही मार्ग डॉक्टरकडे नव्हता.

अशा काळात नुसत्या डोळ्यांनी जे दिसते ते नीट पाहणे, त्याचे चित्र काढणे आणि नंतर काय झाले ते लिहिणे, हेच निदानाचे सर्वांत प्रगत साधन होते. लिहून ठेवले की आपली चूकही कागदावर उरते. पुढच्या रुग्णाच्या वेळी ती आठवावी लागते. वैदूची सुई आणि वैद्यकशास्त्र यांच्यात मुख्य फरक हाच आहे.

कागद राहिले, काम थांबले

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी वारले. मुलगा शिवाजी गादीवर आला. १८५५ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि कंपनीने संस्थान खालसा केले. ग्रंथालय वाचले. १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. धन्वंतरी महालातले काम मात्र पुढे चालले नाही. डोळ्यांचे केसपेपर ग्रंथालयात पडून होते. २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांची सरफोजींच्या वंशजांशी भेट झाली, त्या बोलण्यात या कागदांचा विषय निघाला आणि मग नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. म्हणजे लिहिल्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी ते योग्य वाचकाच्या हाती पडले.

याच्याशी एक तुलना करून पाहावी. लंडनचे मूरफील्ड्स हे डोळ्यांचे रुग्णालय १८०५ मध्ये सुरू झाले. मद्रासला कंपनीने १८१९ मध्ये डोळ्यांचा दवाखाना काढला. जगातल्या सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांत त्याची गणना होते आणि तो एग्मोर भागात आजही चालू आहे. तिन्ही कामे एकाच काळातली. दोन टिकली, कारण ती संस्था होत्या. डॉक्टर बदलले तरी शिकवणे, नोंदी ठेवणे आणि पुढच्या पिढीच्या हाती काम सोपवणे चालू राहिले. तंजावरचे काम एका माणसाच्या आवडीवर आणि त्याच्या खजिन्यावर उभे होते. तो माणूस गेला आणि काम थांबले. सरफोजींचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण आपल्याकडे एखादा हुशार, तळमळीचा डॉक्टर बदलून गेला की तालुक्याच्या दवाखान्यातला चांगला चाललेला विभाग ओस पडतो, त्याचे मूळही इथेच आहे.

दोनशे वर्षांनी

सरफोजींच्या नोंदीतला रुग्ण आज आला तर काय होईल? थेंब घालून त्याचा डोळा बधिर होईल. डोळ्याची लांबी आणि पारदर्शक पडद्याची गोलाई यंत्राने मोजून त्याला कोणत्या नंबरचे कृत्रिम भिंग लागेल हे आधीच ठरेल. हे भिंग डोळ्यात बसवण्याची कल्पना हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला प्रत्यक्षात आणली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण घुसले, तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९६७ मध्ये चार्ल्स केल्मन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत काढली. तीच आजची फेको शस्त्रक्रिया. छेद दोन-तीन मिलिमीटरचा, टाका नाही, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी.

भारतात याहून स्वस्त आणि तितकीच भरवशाची बिनटाक्याची पद्धतही रुजली. तिला छेद थोडा मोठा लागतो, पण महागडे यंत्र लागत नाही. सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांत असंख्य शस्त्रक्रिया या पद्धतीने होतात. १९७६ मध्ये मदुराईला अकरा खाटांवर सुरू झालेल्या अरविंद नेत्ररुग्णालयाने १९९२ पासून कृत्रिम भिंगे देशातच बनवायला घेतली आणि त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. मदुराई तंजावरपासून काही तासांच्या अंतरावर आहे. शिबिरात ऑपरेशन झालेले आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावणारे आजोबा आता गावात दिसत नाहीत, त्याचे कारण हेच भिंग.

निदानातली क्रांती याहून मोठी आहे. १९९१ मध्ये आलेल्या ओसीटी तपासणीत प्रकाशाच्या साहाय्याने मागच्या पडद्याचा उभा छेद घेतल्यासारखे चित्र मिळते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, काही सेकंदांचे काम. केसापेक्षाही पातळ थर त्यात वेगवेगळे दिसतात. मधुमेहाने पडद्याला आलेली सूज किंवा काचबिंदूने झिजलेला मज्जातंतूंचा थर रुग्णाला काही जाणवण्याआधी कळू शकतो. २००५-०६ पासून डोळ्यात देण्याची अशी इंजेक्शने आली, की पडद्यावर वाढणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्या आणि सूज त्यांनी आटोक्यात येते. पूर्वी अशा रुग्णाला फारसा इलाज नाही असे सांगावे लागे.

सगळ्यांत नवी गोष्ट म्हणजे संगणकाने केलेले निदान. मागच्या पडद्याचे छायाचित्र काढायचे आणि त्यात मधुमेहाच्या खुणा आहेत का हे संगणकाने सांगायचे. अशा पद्धतीवरचा एक महत्त्वाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अरविंद आणि शंकर नेत्रालय इथल्या रुग्णांची छायाचित्रेही वापरली होती. अमेरिकेने २०१८ मध्ये अशा पहिल्या यंत्रणेला मान्यता दिली. संगणक शिकला तो डॉक्टरांनी तपासून, शेरा मारून, जपून ठेवलेल्या हजारो छायाचित्रांवर. तंजावरचे रंगवलेले डोळे आणि ही छायाचित्रे यांची जात एकच आहे. चित्र काढा, त्यासोबत निदान लिहा, जपून ठेवा. फरक इतकाच, की पन्नास चित्रांचा उपयोग पन्नास रुग्णांपुरता राहिला आणि हजारो चित्रांचा उपयोग जगाला झाला.

यंत्र आले, रुग्ण कुठे आहे?

तरीही अडते कुठे? माझ्याकडे मधुमेहासाठी उचगाव, गांधीनगर, सरनोबतवाडी या भागातून माणसे येतात. साखरेचा रिपोर्ट जवळजवळ प्रत्येकाच्या हातात असतो. डोळ्याचा मागचा पडदा शेवटचा कधी तपासला असे विचारले की बहुतेक जण चष्म्याच्या दुकानात नंबर काढल्याचे सांगतात. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेहाने पडदा खराब व्हायला लागतो तेव्हा दुखत नाही, लाल होत नाही, सुरुवातीला नजरही कमी होत नाही. दिसायचे कमी होते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे लिहितो. मधुमेह असल्याचे कळले की डोळ्यात थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी आणि नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा ती पुन्हा करावी. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर इतरांनीही डोळ्याचा दाब आणि मज्जातंतू तपासून घ्यावेत. काचबिंदूने गेलेली नजर आजही कोणत्याही उपचाराने परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचे डोळे जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासलेच पाहिजेत. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याचे दिवस गेले. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करून घ्यावी. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला उलट अधिक अवघड जातो. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते.

संगणकाच्या तपासणीबाबतही गैरसमज नको. मधुमेह शोधायला शिकवलेले यंत्र मधुमेहच शोधते. डोळ्याचा दाब ते मोजत नाही. आणि यंत्राने दोष दाखवला तरी उपचार सुरू होतो तो रुग्ण नेत्रतज्ज्ञापर्यंत पोचला तरच. इंजेक्शनाचा उपचार एकदाच घेऊन भागत नाही, ठरलेल्या दिवशी पुन्हा जावे लागते. मजुरी बुडते, सोबत यायला कुणी नसते, आणि थोडे बरे दिसू लागले की माणूस जायचे थांबतो. उत्तम उपचार वाया जातात ते बहुधा इथे.

आणि शेवटी कागदाबद्दल. दवाखाना बदलताना जुना केसपेपर टाकून देण्याची आपल्याकडे सवय आहे. डोळ्याच्या बाबतीत ती महाग पडते. काचबिंदू वाढतो आहे की थांबला आहे हे आजच्या एका रिपोर्टवरून कळत नाही, मागच्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवूनच ते कळते. कोणत्या डोळ्यात कोणते भिंग बसवले त्याचे कार्ड, ओसीटीची चित्रे, दाबाचे आकडे हे सगळे एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवावे आणि दर वेळी सोबत न्यावे. राज्य गेलेल्या एका मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यांच्या रुग्णांसाठी जे करून ठेवले, ते आपल्या घरातल्या एका रुग्णासाठी करणे कुणालाही अवघड नाही.